एनबीए टीमच्या ऑफसीझनवर वाद घालायचा कसा

जुलैत झड लागली की नागपुरात शिवाजीनगर जिमखाना असो की धंतोली, उघड्या कोर्टावर पाणी साचतं आणि बास्केटबॉल मैदानातून उठून चहाच्या टपरीवर येतो. नेमके तेच दिवस एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमधल्या खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचे. मग वाद सुरू होतो, आणि बहुतेक वेळा असा:

“बे, रॉकेट्सनं सरळ यानिसलाच उचलायला पाहिजे होतं न.”

“उचल न. पण देऊन काय राहिला?”

(रॉकेट्स म्हणजे ह्यूस्टनची टीम, यानिस म्हणजे मिलवॉकीत गाजलेला स्टार.) इथं पहिला एक तर गप्प होतो किंवा आवाज चढवतो. दोन्ही टाळता येतं. एनबीएत मालक कितीही गर्भश्रीमंत असला तरी टीमचे हात नियमांनी बांधलेले असतात. म्हणून ‘कोण हवा’ हा प्रश्न दुसरा. ‘तो कोणत्या नियमाखाली येणार’ हा पहिला. उदाहरणं २०२५ च्या ऑफसीझनची घेतली आहेत, कारण त्या एका उन्हाळ्यात जवळपास सगळे प्रकार सापडतात.

आधी कागद

ज्या टीमवर बोलायचं तिचा एक कागद करा. स्पोट्रॅक किंवा बास्केटबॉल रेफरन्सवर पगार मिळतात. अर्ध्या तासाचं काम आहे. डावीकडे खेळाडूंची नावं, पुढे वय, या वर्षीचा पगार, पुढच्या तीन वर्षांचे पगार, आणि शेवटच्या वर्षाला ऑप्शन (ते वर्ष ठेवायचं की नाही ठरवायचा हक्क) आहे का, असेल तर कोणाचा. खेळाडूचा ऑप्शन आणि टीमचा ऑप्शन यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात खेळाडू चांगला खेळला तर निघून जातो आणि वाईट खेळला तर गळ्यात पडतो.

सीझनमध्ये मुख्य रोस्टर १५ जणांचा, शिवाय तीन टू-वे खेळाडू (एनबीए आणि तिच्या खालच्या लीगमध्ये ये-जा करणारे). ऑफसीझनमध्ये २१ पर्यंत ठेवता येतात, म्हणून जुलैत यादी लांब दिसली तर घाबरू नका. टू-वेवाल्यांचा पगार कॅपमध्ये, म्हणजे टीमच्या एकूण पगाराच्या मर्यादेत, धरत नाहीत. पण सगळ्यांत खाली एक ओळ मात्र हमखास सुटते: काढून टाकलेल्या खेळाडूंचे अजून चालू असलेले पैसे. ती ओळ सुटली की पुढचं सगळं गणित चुकतं.

मिलियनचाही घोळ आधीच मिटवा. १० लाख म्हणजे एक मिलियन, म्हणजे दशांशचिन्ह एक घर डावीकडे सरकवलं की कोटी मिळतात: ५४.७ मिलियन म्हणजे ५.४७ कोटी डॉलर. रुपयांत मात्र नेऊ नका. रुपयांत नेलं की समोरचा “एवढे पैसे?” म्हणून डोळे मोठे करतो आणि वाद तिथंच भरकटतो. पगार मोजायचा तो कॅपच्या टक्केवारीत. २०१५-१६ ला कॅप ७ कोटी होती. तेव्हाचा २ कोटींचा खेळाडू कॅपचे जवळपास २९ टक्के खात होता. २०२५-२६ च्या १५.४६ कोटींच्या कॅपमध्ये तेच २ कोटी १३ टक्क्यांवर येतात. जुन्या करारांशी तुलना करून “हा केवढा महाग” म्हणणारे इथं हमखास सापडतात.

चार रेषा

२०२५-२६ साठी आकडे असे: सॅलरी कॅप १५.४६ कोटी, लक्झरी टॅक्सची रेषा १८.७९ कोटी, पहिला ॲप्रन १९.५९ कोटी, दुसरा ॲप्रन २०.७८ कोटी. दर वर्षी ३० जूनच्या सुमाराला नवे आकडे येतात; कॅप एका वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढू शकत नाही, आणि २०२५ ला ती बरोबर तेवढीच वाढली.

कागदावरची बेरीज या चार रेषांच्या कोणत्या पट्ट्यात बसते ते पाहा. अर्धा वाद तिथंच मिटतो.

कॅपच्या खाली असाल तर बाहेरच्या खेळाडूला मोकळ्या जागेत थेट घेता येतं. कॅपच्या वर गेलात की एक्सेप्शन, म्हणजे नियमातल्या सवलती, वापरावे लागतात. टॅक्सची रेषा ओलांडली तर खेळाडू घेण्यावर बंदी येत नाही, पैसे जातात. मागच्या चारपैकी तीन सीझनमध्ये टॅक्स भरला असेल तर टीम ‘रिपीटर’ ठरते आणि पहिल्या टप्प्यातच दर डॉलरमागे एकऐवजी तीन डॉलर टॅक्स लागतो.

खरे हात बांधतात ते ॲप्रन. पहिल्या ॲप्रनच्या वर असलेल्या टीमला ट्रेडमध्ये (खेळाडूंच्या अदलाबदलीत) पाठवला त्यापेक्षा जास्त पगार घेता येत नाही, आणि बाहेरचा खेळाडू साइन-अँड-ट्रेडनं (जुन्या टीमनं करार करून लगेच ट्रेड करणं) आणता येत नाही. दुसऱ्या ॲप्रनच्या वर तर दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडूही घेता येत नाही, ट्रेडमध्ये रोख पैसे पाठवता येत नाहीत, मिड-लेव्हल (बाहेरचा खेळाडू घ्यायची ठरावीक रकमेची सवलत) मिळत नाही, आणि सात वर्षांनंतरचा पहिल्या राउंडचा पिक (ड्राफ्टमध्ये नवा खेळाडू निवडायचा हक्क) गोठतो. पुढच्या चारपैकी दोन सीझन टीम तिथंच राहिली तर तो पिक राउंडच्या शेवटी ढकलला जातो.

बोस्टन सेल्टिक्सवर चिडणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. २०२४ ची चॅम्पियन टीम. २०२५ च्या मे महिन्यात मुख्य खेळाडू टेटमचा टाचेजवळचा अकिलीस तुटला. आणि महिनाभरानं जरू हॉलिडे पोर्टलँडला, पोर्झिंगिस अटलांटाला. “चॅम्पियन टीम मोडून टाकली बे!” अशी ओरड झाली. पण तीच टीम ठेवली असती तर बोस्टन दुसऱ्या ॲप्रनच्या बरंच वर, रिपीटर टॅक्समध्ये, आणि मुख्य खेळाडू जवळपास पूर्ण सीझन बाहेर. हॉलिडेच्या बदल्यात आलेला सायमन्स २.७७ कोटींचा, गेलेला हॉलिडे ३.२४ कोटींचा, आणि हॉलिडेच्या करारात पुढची दोन वर्षंही उरलेली. सायमन्सचा करार मात्र एकाच वर्षाचा. बोस्टननं काय मिळवलं असं विचारणाऱ्याला हे शेवटचं वाक्य दाखवा.

‘हार्ड कॅप’ ही वेगळी भानगड. काही गोष्टी केल्या की त्या वर्षापुरती टीमला रेषा ओलांडताच येत नाही. पूर्ण मिड-लेव्हल वापरला किंवा साइन-अँड-ट्रेडनं खेळाडू घेतला तर पहिल्या ॲप्रनला हार्ड कॅप. ट्रेडमध्ये पगार एकत्र केले तर दुसऱ्याला. ही बेडी ३० जूनपर्यंत पायात असते. जुलैत कुणाच्या लक्षात राहत नाही, ऑक्टोबरमध्ये टोचते. पुढे ह्यूस्टनकडे वळल्यावर ते दिसेल.

खेळाडू कोणत्या वाटेनं येतो

वादात कुणी “अमक्याला घ्या” म्हटलं की त्याला वाट विचारायची. वाटा मोजक्याच आहेत.

स्वतःचा खेळाडू ठेवायला बर्ड राइट्स. सलग तीन सीझन एकाच टीमकडे (ट्रेड झाला तरी मोजणी तुटत नाही) झाले की टीम कॅपच्या वर असूनही त्याला त्याच्या कमाल पगारापर्यंत देऊ शकते. दोन सीझनवाल्याला मागच्या पगाराच्या १७५ टक्के किंवा लीगच्या सरासरी पगाराच्या १०५ टक्के, यांतलं जे जास्त ते. एकाच सीझनवाल्याला साधारण १२० टक्के. म्हणूनच एका वर्षाच्या करारावर येऊन चमकलेला रोल प्लेअर पुढच्या उन्हाळ्यात हातातून निसटतो. टीमला तो नको असतो असं नाही, तिला देताच येत नाही.

कमाल पगार अनुभवावर ठरतो: सहा वर्षांपर्यंत कॅपच्या २५ टक्के, सात ते नऊ वर्षांना ३०, दहा आणि त्यापुढे ३५. २०२५-२६ ला हे ३.८७, ४.६४ आणि ५.४१ कोटी.

बाहेरच्या खेळाडूसाठी मिड-लेव्हल (आकडे इथंही २०२५-२६ चेच). पहिल्या ॲप्रनच्या खाली राहणाऱ्या टीमला १.४१ कोटी, त्याच्या वर पण दुसऱ्याच्या खाली राहणाऱ्याला ५७ लाख. कॅपची मोकळी जागा वापरणाऱ्या टीमला ८८ लाखांचा वेगळा. आणि मिनिमम (किमान पगाराचा करार) सगळ्यांनाच. जुन्या खेळाडूला एका वर्षाच्या मिनिममवर घेतलं तर त्याला हातात जास्त मिळतात, पण टीमच्या खात्यात सुमारे २३ लाखच मोजले जातात. वरचे लीग भरते. म्हाताऱ्या पण नावाजलेल्या खेळाडूंची जुलैच्या उत्तरार्धात गर्दी का होते याचं उत्तर हेच.

उरला ट्रेड. पहिल्या ॲप्रनच्या खाली असाल तर परत येणारा पगार थोडा जास्त चालतो: लहान पगाराला दुप्पट अधिक अडीच लाख, मधल्या पट्ट्यात सुमारे ८५ लाख जास्त, मोठ्या पगाराला १२५ टक्के अधिक अडीच लाख. वर असाल तर जेवढं पाठवाल तेवढंच किंवा कमी. फिनिक्सनं ड्युरंटला ह्यूस्टनला दिलं तेव्हा ड्युरंटचे ५.४७ कोटी गेले. बदल्यात जेलन ग्रीनचे ३.३३ आणि डिलन ब्रूक्सचे २.११, म्हणजे ५.४४. तीन लाखांनी कमी, म्हणून बसलं. “ग्रीनच्या जागी दुसरा कुणी का नाही दिला” असं विचारणाऱ्यानं तो दुसरा कुणी ३.३३ कोटींच्या जवळ आहे का ते आधी पाहावं.

वेबसाइटवरच्या ट्रेड मशीनवर हिरवा टिक आला म्हणजे ट्रेड होईल असं मात्र नाही. मशीन फक्त पगार जुळवते. समोरची टीम हो का म्हणेल, हा प्रश्न टपरीवर कुणीच घेत नाही. म्हणून एक नियम पाळा: ट्रेड सुचवणाऱ्यानं समोरच्या टीमची बाजू आधी दोन मिनिटं मांडायची. आपले तीन बेंचवाले आणि दोन दुसऱ्या राउंडचे पिक देऊन ऑल-स्टार आणणाऱ्यांची या नियमानं पंचाईत होते.

रिस्ट्रिक्टेड फ्री एजंटची (करार संपलेल्या, पण जुन्या टीमचा हक्क असलेल्या खेळाडूची) गंमत वेगळी. टीमनं क्वालिफाइंग ऑफर (ठरावीक रकमेचा एका वर्षाचा करार) दिली की बाहेरच्या ऑफर शीटला जुळवून खेळाडू ठेवायचा हक्क तिला मिळतो. २०२५ मध्ये लोक विचारत राहिले की कुमिंगा, ग्राइम्स, कॅम थॉमस यांना कुणी मोठी ऑफर का देत नाही. कारण साधं होतं: ऑफर शीट द्यायला मोकळी जागा लागते, आणि त्या उन्हाळ्यात मोठी जागा होती ती एका ब्रुकलिनकडेच. कुमिंगाचं घोंगडं सप्टेंबर संपेपर्यंत भिजत पडलं. ग्राइम्स आणि थॉमस क्वालिफाइंग ऑफरवरच खेळायला तयार झाले. खेळाडूची लायकी आणि बाजारातला पैसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहाटे साडेतीनची बातमी

फ्री एजन्सी ३० जूनला अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी सहाला उघडते. आपल्याकडे १ जुलैची पहाट, साडेतीन. तर्री-पोह्याची गाडी लागेपर्यंत पंचवीस-तीस करार जाहीर होतात. स्वतःच्या खेळाडूंशी तर टीम फायनल संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून बोलू शकते, म्हणून काही करार त्याआधीच आलेले असतात.

हे सगळे ‘तोंडी ठरलेले’ करार. बहुतेकांवर सही ६ जुलैला, आपल्या रात्री साडेनऊच्या पुढे. मधल्या सहा दिवसांत ट्रेडचे तपशील बदलतात. ड्युरंटचा ट्रेड जूनमध्ये दोन टीममध्ये ठरला आणि सही होईपर्यंत सात टीमचा झाला. तेव्हा १ जुलैच्या सकाळी ‘कोण जिंकलं, कोण हरलं’ ठरवायची घाई करू नका.

पहिल्या बातमीतला आकडा जवळपास नेहमी फुगलेला असतो, कारण तो एजंटकडून येतो. त्यात बोनस, ऑप्शनचं वर्ष, सगळं धरलेलं असतं. तीन प्रश्न विचारा: गॅरंटी किती? शेवटचं वर्ष कोणाच्या ऑप्शनचं? पहिल्या वर्षी कॅपवर किती बसतं? चार वर्षांचे १० कोटी पण शेवटचं वर्ष टीमच्या ऑप्शनचं असेल, तर तो करार तीन वर्षांचा समजूनच बोलायला हवं. पोस्ट ज्या अकाउंटवरून आली ते खरं आहे का हेही पाहा. बड्या रिपोर्टरच्या नावातलं एखादं अक्षर बदललेली अकाउंटं याच दिवसांत सुळसुळतात आणि दर वर्षी कुणी ना कुणी ग्रुपवर आपटतोच.

पिक

पिकांवर बोलताना तीन गोष्टी कागदावर लिहा: कोणत्या वर्षाचा, प्रोटेक्शन काय (पिक फार वरचा निघाला तर तो देणाऱ्याकडेच राहतो का), आणि पिक आहे की नुसती अदलाबदलीची मुभा. सात वर्षांपुढचा पिक विकता येत नाही, आणि येणाऱ्या सलग दोन वर्षांत पहिल्या राउंडचा एकही पिक हातात नाही अशी वेळ आणता येत नाही. क्लीव्हलँडचे माजी मालक टेड स्टेपियन यांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला पिक उधळले, त्यावरून हा नियम आला. म्हणून टीम एकाआड एक वर्षाचे पिक देतात आणि मधल्या वर्षांत अदलाबदल.

पिकाची किंमत टीमच्या वयावर ठरते. डेन्व्हरनं २०२५ मध्ये मायकेल पोर्टर ज्युनियरबरोबर २०३२ चा विनाप्रोटेक्शन पहिला पिक ब्रुकलिनला दिला आणि कॅम जॉन्सन घेतला. तोवर योकिच सदतीस वर्षांचा असेल. पिक वरचा निघण्याची शक्यता खरी आहे. पण पोर्टर ३.८३ कोटींचा, जॉन्सन सुमारे २.१ कोटींचा. मधल्या पावणेदोन कोटींमुळे व्हालान्चुनासला सामावून घेता आलं, आणि ब्रूस ब्राऊन व हार्डअवे मिनिममवर आले. त्यामुळे ‘पोर्टर विरुद्ध जॉन्सन’ असा वाद घालणं अपुरं आहे. एका बाजूला पोर्टर आणि २०३२ चा पिक. दुसऱ्या बाजूला जॉन्सन आणि त्या पैशांत बसलेली बाकी मंडळी. योकिच फॉर्मात असेपर्यंतच हा सौदा शहाणपणाचा, असं आमचं मत. कुणाला पटणार नाही, हरकत नाही, पण विरोध करणाऱ्यानंही ही पूर्ण यादीच तोलायची.

काढून टाकला, पैसे चालूच

करार अंगलट आलेला खेळाडू काढून टाकायचा असेल तर टीम त्याचे उरलेले पैसे पसरवू शकते. सूत्र: उरलेली वर्षं गुणिले दोन, अधिक एक. मिलवॉकीनं २०२५ च्या जुलैत लिलार्डला सोडलं. दोन वर्षांचे सुमारे ११.२६ कोटी उरले होते. दोन दुणे चार अधिक एक, पाच वर्षं. भागाकार केला की वर्षाला सुमारे २.२५ कोटी. त्या वर्षीचे ५.४१ कोटी जाऊन २.२५ आले, म्हणजे ३.१६ कोटींची जागा झाली आणि त्यात इंडियानाचा माइल्स टर्नर बसला. गाडी विकली तरी हप्ते चालूच राहावेत, तसे हे २.२५ कोटी २०२९-३० पर्यंत मिलवॉकीच्या खात्यावर राहणार.

“मग सगळेच असं का करत नाहीत?” पसरवलेल्या पैशांची एकूण रक्कम त्या वर्षीच्या कॅपच्या १५ टक्क्यांपुढे जाऊ शकत नाही. १५.४६ चे १५ टक्के म्हणजे २.३२ कोटी. मिलवॉकी २.२५ वर, अगदी काठावर बसली. फिनिक्सच्या डोक्यावर आधीच जुने हप्ते होते, म्हणून त्यांनी सोडलेल्या ब्रॅडली बील या खेळाडूचे पैसे पूर्ण पसरवले असते तर ही मर्यादा ओलांडली असती. बीलनं जवळपास १.४ कोटी सोडून दिले तेव्हा ते जमलं. हा आकडा माहीत असलेला माणूस या विषयावर सहसा हरत नाही.

२४० मिनिटं

पैशांचं गणित झालं की बास्केटबॉलचं. इथं सगळ्यांत उपयोगी हत्यार एकच: एका मॅचमध्ये पाच जागा गुणिले ४८, म्हणजे २४० मिनिटं. टीममध्ये जो आला तो कुणाची तरी मिनिटं खाणार.

ह्यूस्टनची जुलै २०२५ ची टीम घ्या. कुणालाही मिनिटं वाटायला सांगितलं तर पहिल्या फटक्यात असं काहीतरी लिहिलं जातं: ड्युरंट ३६, आमेन थॉम्पसन ३६, शेंगून ३३, व्हॅनव्हलीट ३३, जबारी स्मिथ ३३. झाले १७१. मग ईसन २४, फिनी-स्मिथ २२, शेपर्ड २०, ॲडम्स १४, कपेला १२, ॲरन हॉलिडे १०. हे १०२. एकूण २७३. तेहेतीस मिनिटं जास्त. प्रत्येकाला “याला तर खेळवायलाच पाहिजे” म्हणून दिलेली. आता कापा, आणि कुणाची कापली ते तोंडानं सांगा. खरा वाद इथून सुरू होतो.

बेरीज जुळली तरी काम संपत नाही. त्याच कागदावर दुसरा रकाना करा: बॉल वर कोण आणणार, ४८ मिनिटं, रिमजवळ कोण उभा, ४८ मिनिटं, समोरच्याच्या मुख्य स्कोअररला कोण धरणार. वरच्या यादीत सेंटरचीच मिनिटं ५९ होतात (शेंगून ३३, ॲडम्स १४, कपेला १२). म्हणजे एक तर दोन उंच खेळाडू काही वेळ एकत्र खेळणार, जे ह्यूस्टन तेव्हा करत होतं, किंवा कपेला बसणार. डेन्व्हरचा प्रश्न याच रकान्यात वर्षानुवर्षं दिसायचा: योकिच ३४-३७ मिनिटं खेळायचा, उरलेल्या अकरा-चौदा मिनिटांत आघाडी वितळायची. तेवढ्या मिनिटांसाठी बॅकअप सेंटर घेणं कुणाला चिल्लर वाटेल, पण मिळवलेली आघाडी तिथंच जात होती.

आकडे वापरताना थोडी काळजी. गुणांची सरासरी एकटी सांगू नका. किती शॉटमध्ये आले ते सांगा. ट्रू शूटिंगचं सूत्र सोपं आहे: गुण भागिले, दोन गुणिले (शॉट अधिक ०.४४ गुणिले फ्री थ्रो). २० गुण, १५ शॉट, ५ फ्री थ्रो असतील तर खाली ३४.४ येतात, म्हणजे ५८ टक्के. तेच २० गुण २० शॉटमध्ये घेतले (फ्री थ्रो तेवढेच) तर पंचेचाळीस. ऑन-ऑफचे आकडे (खेळाडू मैदानात असताना आणि नसताना टीम कशी खेळते) मात्र जपून. खेळाडू नेहमी स्टार्सबरोबरच मैदानात असेल तर त्याचा आकडा स्टार्सचा असतो. आणि रेग्युलर सीझनची दहा जणांची रोटेशन प्लेऑफमध्ये आठावर येते, तेव्हा नववा-दहावा खेळाडू कोण यावर तासभर भांडायचं का ते तुम्हीच ठरवा.

वाद जिंकला कोण, हे कधी ठरतं

बहुतेक भांडणं निकालावरून होतात, निर्णयावरून नाही. ह्यूस्टननंच व्हॅनव्हलीटचा ४.४९ कोटींचा ऑप्शन नाकारून त्याला दोन वर्षांना ५ कोटींवर ठेवलं. फिनी-स्मिथला मिड-लेव्हल दिला, कपेला साइन-अँड-ट्रेडनं आला. जुलैत हे सगळं चोख दिसत होतं. सप्टेंबरमध्ये व्हॅनव्हलीटच्या गुडघ्यातला एसीएल तुटला.

आता कागद पुन्हा काढा. त्याची ३३ मिनिटं कापली की २७३ मधून बरोबर २४० उरतात. बेरीज जुळली, पण ‘बॉल वर कोण आणणार’ हा रकाना रिकामा पडला. आणि बाहेरून गार्ड आणायचा तर मिड-लेव्हल आणि साइन-अँड-ट्रेड या दोन्हींमुळे पहिल्या ॲप्रनला हार्ड कॅप लागलेली. दुखापत कुणाच्या हातात नव्हती, तिचा दोष टीमला देऊ नका. पण “एकाच अनुभवी पॉइंट गार्डवर भिस्त ठेवून हार्ड कॅप का ओढवून घेतली” हा प्रश्न जुलैतही विचारता आला असता, म्हणून तो रास्त आहे. ज्याला तेव्हा सुचला होता त्याचा मान मोठा.

तेव्हा सुचलं होतं हे सिद्ध करायचं तर लिहून ठेवावं लागतं. प्रत्येकानं जुलैत तीन ओळी लिहायच्या: कोणता करार चूक, का चूक, आणि त्याऐवजी नियमात बसणारं काय करता आलं असतं. तिसरी ओळ नसेल तर पहिल्या दोन धरायच्या नाहीत. ‘टीम चांगली होईल’ असं मोघम चालत नाही. ‘डिफेन्स पहिल्या दहात’, ‘अमका साठ मॅचपेक्षा कमी खेळेल’ असं तपासता येणारं लिहा. समोर जुने कोच बसले असतील तर “सर, तुमचीही मिनिटं लिहून द्या न” म्हणून कागद पुढे करा. ते ३८-३८ मिनिटं वाटतात, आणि बेरीज करायचं काम मग तुमचं.

कागद पुन्हा काढायचे दिवस दोन. पहिला १५ डिसेंबर: उन्हाळ्यात करार केलेल्या बहुतेक खेळाडूंना त्याआधी ट्रेड करता येत नाही, म्हणून नोव्हेंबरमध्ये “त्याला आत्ताच विकून टाका” म्हणणाऱ्याला फक्त तारीख सांगायची. दुसरा फेब्रुवारीतली ट्रेड डेडलाइन. तोवर जो चुकला त्यानं पोहे सांगायचे, तर्री जास्त.